साहेबांची शनिवारची रमी

आमच्या भावाने आयुष्यात कधी लाच घेतली नाही. हे मी सांगत नाही, तोच सांगतो. ज्याला ऐकायला वेळ आहे त्यालाही सांगतो आणि नाही त्यालाही. "ताई, एवढी वर्षं खुर्चीत बसलो, पण कुणाच्या चहाचाही मिंधा नाही." बोलताना त्याची पापणीही हलत नाही, कारण त्याला ते खरंच वाटतं. लबाड माणसाशी निदान भांडता तरी येतं. स्वतःला सज्जन समजणाऱ्या बावळटाचं काय करायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

तो नगरपालिकेत इंजिनियर. रस्ते, गटारं, लहानसहान पूल. ठेकेदाराने केलेलं काम जागेवर जाऊन बघायचं, ठीक असेल तर सही करायची, आणि सही झाली की ठेकेदाराचं बिल निघायचं. सगळे त्याला साहेब म्हणायचे. पुढे पुढे घरातही तेच नाव पडलं. मी टोमणा म्हणून म्हणायला लागले, तर स्वारी त्यावरही खूश.

तर दर शनिवारी दुपारी साहेबांच्या घरी रमीचा डाव बसायचा. पैसे लावून. खेळायला कोण, तर ठेकेदार. आणि दर शनिवारी जिंकायचं कोण, तर साहेब. वर्षानुवर्षं, एकही शनिवार न चुकता. यात काही काळंबेरं असेल अशी शंका शेंबड्या पोरालाही आली असती. आमच्या साहेबांना आली नाही. त्यांना वाटायचं, आपलं डोकंच तसं आहे. "रमी हा गणिताचा खेळ आहे, ताई. ही माणसं धंद्यात हुशार असतील, पण पत्ते बघायला डोकं लागतं." त्या जिंकलेल्या पैशांवर फ्रिज आला, सोफा आला, भावजयेच्या गळ्यात साखळी आली. लाच नाही हं. बुद्धीची कमाई.

एका शनिवारी चहाच्या तयारीला भावजयेने मला बोलावलं. कप ठेवायला वाकले, तर नाल्यावरच्या पुलाचं काम घेतलेला ठेकेदार माझ्याकडे पाठ करून बसलेला, आणि त्याचे पत्ते मला सरळ दिसले. रमी मला बाबांनी शिकवलेली आहे. शिलाईच्या मशीनवर बसून कंबर मोडली की बाबा कापडाच्या ढिगावर पत्ते मांडायचे, म्हणून बघताक्षणी कळलं की या माणसाची रमी लागलेली आहे. सगळी पानं जागच्या जागी. नुसती खाली मांडायची आणि डाव जिंकायचा. तो गृहस्थ काय करतो? डोकं खाजवतो, मोठा सुस्कारा सोडतो, आणि लागलेला इस्पिकचा गुलाम काढून खाली टाकतो. साहेबांनी तो झडप घालून उचलला आणि पत्ते मांडले. "शो."

"साहेब, तुमच्यापुढे आम्ही काय बसणार," ठेकेदार म्हणाला आणि बाजूची फाईल पुढे सरकवली. "एवढी जाता जाता..."

साहेबांनी ती मांडीवर ठेवून सही केली. पुलाकडे तो फिरकलाही नव्हता. मला माहीत आहे, कारण तो पूल माझ्या दुकानासमोर आहे आणि मी दिवसभर तिथेच बसलेली असते.

संध्याकाळी मी त्याला सांगितलं, अरे, त्याची रमी लागली होती, मी डोळ्यांनी बघितलं. तो हसला. इतका हसला की चष्मा पुसावा लागला. "तुला पत्त्यातलं काय कळतं? आणि ताई, माझं चांगलं चाललंय ते तुला बघवत नाही का?" मी पर्स उचलली आणि घरी आले. अशा माणसापुढे तोंडाची वाफ कोण दवडणार.

आता दुकानाबद्दल सांगते, कारण सगळं येऊन तिथेच ठेपतं. बाबांचं शिंप्याचं दुकान. एक गाळा, कापायचं मोठं टेबल, दोन मशिनी. नाल्यापलीकडे शाळा आहे आणि आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. बाबांनी जाताना गाळा दोघांच्या नावावर ठेवला, निम्मा माझा आणि निम्मा त्याचा. त्याने आयुष्यात तिथे एक गुंडी लावलेली नाही, पण मुलगा म्हणून निम्मा त्याचा. असो. बाबांवर मी रागावले होते, अजूनही आहे.

तो पूल वर्षभर टिकला. मग एका सकाळी मधला स्लॅब खचला आणि शाळेत स्वयंपाक करणारी बाई डोक्यावरच्या भाजीच्या पाटीसकट खाली गेली. मांडीचं हाड मोडलं. नोकरी गेली, कारण शाळेला उभं राहून स्वयंपाक करणारी बाई हवी होती. पूल दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकून बंद केला, तो आजतागायत बंद आहे. पलीकडच्या आयांना आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून यावं लागतं, आणि त्या रस्त्यावर माझ्याआधी तीन टेलर लागतात. कोण येतंय माझ्यापर्यंत? निम्मं गिऱ्हाईक तिथेच गळलं. स्वयंपाकीण बाईंना मी काजं-बटणांना बसवलं. मोठं मन वगैरे काही नाही, त्या पडल्या तेव्हा पहिली धावत गेलेली मी होते, आणि सही कुणाची ते मला ठाऊक होतं. साहेब कधी दुकानावर आला आणि त्या काठी टेकत उठल्या, की लगेच खिशातून फोन काढून बाहेर जातो. भलतं महत्त्वाचं बोलणं असतं त्याचं.

आणि एक दिवस साहेब रिटायर झाला. हार, शाल, भाषणं. ठेकेदारांनी डोळे पुसले. पुढच्या शनिवारी त्याने नेहमीसारखं टेबल मांडलं, नवी कोरी पत्त्यांची जोडी फोडली आणि वाट बघत बसला.

कुणी आलं नाही.

"रस्ते खोदलेत ना, अडकले असतील," तो म्हणाला. त्यानंतरच्या शनिवारी कुणाच्या तरी घरी लग्न असेल. तिसऱ्या शनिवारी मात्र त्याने फोन लावला, तेव्हा कळलं की मंडळी नव्या साहेबांकडे आहेत. नव्या साहेबांना पत्त्यांचा नाद नाही, त्यांना गाण्याचा नाद आहे. ते शनिवारी गातात आणि ठेकेदार समोर बसून माना डोलावतात. पुलाचा ठेकेदार म्हणे गाणं ऐकून रडतोसुद्धा.

एवढ्यावर तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे. साहेबांनी निष्कर्ष काढला की ठेकेदार हरून हरून कंटाळले. आता आपल्या तोडीचे खेळाडू शोधायला हवेत. आणि गेला क्लबात.

क्लब म्हणजे बाजारामागच्या गोदामावरची एक खोली. तिथे जी माणसं बसतात ती पत्त्यांवरच पोट भरतात. त्यांना ना पूल बांधायचा असतो ना बिल काढायचं असतं. तिथे आमचं ध्यान "गणिताचा खेळ आहे" म्हणत बसलं. पहिल्या महिन्यात साठवलेलं गेलं, मग फंडाचे पैसे, मग स्कूटर. मग साखळी. भावजयेने ती स्वतःहून काढून दिली, कारण तो म्हणाला, एकदा हात बसला की दुप्पट करून आणतो. विचारलं की उत्तर तयार. "त्या लोकांना खेळायची अक्कल नाही, ताई. कसंही पान टाकतात. त्यांच्यासमोर चांगला खेळणारा माणूस हरतोच."

पैसे संपले तेव्हा त्याला सोनेरी दातवाला भेटला. हा क्लबाच्या दारातच खुर्ची टाकून बसतो, हरलेल्याला हात देतो आणि मग तो हात सोडत नाही. त्याने आमच्या साहेबाला बरेच दिवस उधार दिलं, आणि मग एका सकाळी दुकानात येऊन कापायच्या टेबलाची लांबी फूटपट्टीने मोजली. माझ्याच फूटपट्टीने. "मधोमध भिंत येईल," तो म्हणाला. "साहेब सोमवारी त्यांचा हिस्सा माझ्याकडे लिहून देतायत. तुम्ही काळजी करू नका ताई, तुमच्या बाजूला खिडकी ठेवतो."

स्वयंपाकीण बाईंनी सुईत दोरा ओवता ओवता माझ्याकडे बघितलं. निम्म्या टेबलावर कापडाचा तागा उलगडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. शाळेचं काम गेलं असतं आणि आम्ही दोघी घरी बसलो असतो. तिसरी भावजय. कारण साखळी गेल्यापासून तीही मशीनवर यायला लागली होती. पेन्शन सगळी सोनेरी दातवाल्याच्या व्याजात जायची. साहेबाच्या घरची चूल आता या दुकानावर पेटत होती, हे सोडून बाकी सगळं साहेबाला कळत होतं.

मी वकिलाकडून हक्कसोडाचा कागद करून घेतला. त्याचा निम्मा हिस्सा तो माझ्या नावावर सोडतो, एवढंच त्यात. त्याच्यापुढे ठेवला आणि सरळ सांगितलं. "हे वाच. शुक्रवारी नोंदणी कचेरीत येऊन सही कर. नाहीतर सोमवारी दुकान जाईल."

"ताई, हा माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे. सोमवारनंतर एका आठवड्यात सगळं सोडवून आणतो."

"कशाने सोडवणार?"

"हात बसत आलाय."

कात्री हातात होती, ती खाली ठेवली. मग मला तो शनिवार आठवला, आणि त्या ठेकेदाराची पाठ.

आता साहेबाशी कुणी पत्ते खेळत नव्हतं. जुनी उधारी फिटेपर्यंत क्लबाने टेबलावर बसू द्यायचं बंद केलेलं. घरी एकटाच पत्ते पिसत बसायचा. मी म्हटलं, "सही नको करूस. नुसता ये. कचेरीत नंबर लागेस्तोवर दुपार जाते. बाकावर बसून खेळू. तुझ्या बायकोलाही रमी शिकायची आहे."

त्याचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. "येतो," तो म्हणाला. "पण सही करणार नाही हं. आधीच सांगून ठेवतो."

भावजयेला रमी शिकवणं सोपं गेलं. हरायला शिकवताना मात्र घाम फुटला. ती बिचारी सरळ मनाची. हातात चांगली पानं आली की चेहरा फुलायचा, आणि रमी लागली की टाळी वाजवायची. "अगं, टाळी काय वाजवतेस," मी ओरडले. "रमी लागली की रडवेलं तोंड करायचं. ठेकेदार करायचे तसं."

"म्हणजे ते सगळे..." ती म्हणाली आणि थांबली. इतकी वर्षं तिने त्यांना चहा दिला होता. मग बराच वेळ ती पत्ते पिसत राहिली. त्यानंतर तिला काही शिकवावं लागलं नाही.

शुक्रवारी आम्ही कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, पंखा फिरतोय पण वारा नाही, आणि खिडकीपाशी गर्दी. साहेबाने रुमालाने बाक पुसला, पत्ते वाटले आणि सवयीने डावीकडे जागा ठेवली. फाईल ठेवायची असायची ना तिथे. मी तिथे आमचा कागद ठेवला.

पहिला डाव तो जिंकला. दुसराही. तिसऱ्याला भावजयेची रमी लागायला आली, तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मी बाकाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने डोकं खाजवलं, सुस्कारा सोडला आणि चौकटचा राजा टाकला. हुबेहूब त्या पुलाच्या ठेकेदारासारखा. साहेबाने राजा उचलला. "शो." त्याची छाती भरून आली होती. कित्येक महिन्यांनी ताठ बसला होता. "बघितलंत? हात गेलेला नाही. माणसं योग्य लागतात."

"तुमच्यापुढे आम्ही काय बसणार," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते फक्त मला कळलं.

पुढचा डाव रंगात आला आणि खिडकीतून आमचा नंबर पुकारला.

मी कागद उचलला. "चल. हक्कसोडावर सही करायची आहे. तुझा हिस्सा माझ्या नावावर."

"हो हो, चल लवकर," तो म्हणाला. नजर पत्त्यांवर. एका पानाने त्याचा डाव अडला होता, हे त्याच्या मानेवरूनही दिसत होतं. पत्ते बाकावर ठेवायला तयार नाही, आम्ही बघू ना. ते छातीशी धरून खिडकीपाशी आला.

आतला कारकून कंटाळलेला, पण त्याने नियम मोडला नाही. कागद मोठ्याने वाचला. अमुक गाळा, त्यातला निम्मा हिस्सा, बहिणीच्या लाभात, कायमचा. मग चष्म्यावरून बघून विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना? कुणाचा दबाव?"

"नाही नाही. कुठे सही?"

"वाचून घ्या हवं तर."

"अहो, ऐकलं ना आत्ता. कुठे?"

मी त्याला अडवलं असतं तर तो थांबला असता का, कोण जाणे. मी अडवलं नाही. त्याने सही केली. मग अंगठा द्यायचा होता, आणि तिथे मात्र साहेब अडला, कारण एका हातात पत्ते. भावजय म्हणाली, "आणा, मी धरते." तर म्हणाला, "तू बघशील." आणि पत्ते बगलेत धरून त्याने शाईत अंगठा बुडवला, कागदावर दाबला, आणि पुसायलाही न थांबता परत पत्ते हातात घेतले. बदामाच्या राणीवर काळा ठसा उमटला. कारकून सगळं बघत होता. त्याने मान हलवली आणि शिक्का मारला. आमच्यापासून त्याने पत्ते लपवले, आणि आमच्या बापाचं दुकान भर खिडकीत देऊन टाकलं.

बाकावर येऊन मी किलवरची नव्वी टाकली. त्याला तीच हवी होती. "शो," तो म्हणाला.

परत निघालो. कचेरी नाल्यापलीकडे, शाळेच्या बाजूला. पूल बंद, म्हणून वळसा घ्यायचा. पुलाच्या तोंडाशी, जिथे पत्रे ठोकलेत, तिथे भावजय थांबली. कडेच्या कट्ट्यावर बसली आणि पिशवीतून शेवटच्या डावातले आपले पत्ते काढले. जसेच्या तसे लावून ठेवलेले, रबर बांधून. तिने ते साहेबाच्या हातात दिले आणि म्हणाली, "बघा."

त्याने पंख्यासारखे उघडले. एक नजर पुरली. रमी लागलेली होती. कधीचीच.

"अगं, मग मांडली का नाहीस?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. मग त्या पत्र्यांकडे. मग पत्त्यांकडे. गाळा कुणाच्या नावावर झाला, सोनेरी दातवाल्याला सोमवारी काय तोंड दाखवायचं, पेन्शन आता कुणाच्या हातात द्यायची, यातलं काही त्याच्या मनात आलं नाही. ते मी त्याच्या तोंडावर वाचलं, आणि माझा असा संताप झाला की पायातली चप्पल काढावीशी वाटली.

"ताई," तो म्हणाला, "मग ते ठेकेदार..."

"हो."

"पुलाचा?"

"हा काय पूल तुझ्यासमोर," मी म्हटलं.

तो कट्ट्यावर बायकोच्या शेजारी बसला. ती थोडी सरकली, जागा द्यायला नव्हे. पत्ते त्याच्या गुडघ्यावरून घसरले, ते त्याने उचलले नाहीत. मागे शाळा सुटली होती आणि पोरं मोठ्या रस्त्याने लांबून जात होती. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं. लहानपणी बाबांकडून हरला की विचारायचा, तसंच.

"सगळे नसतील गं. इतकी वर्षं खेळलो. एखादा तरी डाव मी खरा जिंकलो असेन. एखादा?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडत होतं. भावजयेनेही माझ्याकडे बघितलं, म्हण एकदा, अशा नजरेने. दुकान वाचलं होतं, कागद माझ्या पिशवीत होता. पण समोर पत्रे ठोकलेले होते, आणि नाल्याच्या त्या बाजूला दुकानाच्या पायरीवर स्वयंपाकीण बाई काठी टेकून आमची वाट बघत उभ्या होत्या. त्याच्यासाठी हरायचं तेवढं मी त्या दुपारी हरले होते.

"एकही नाही," मी म्हटलं, आणि वळसा घालून दुकानाकडे निघाले.